पाठीवरची कोरी जागा

आमच्या घरात माणूस पिवळा दिसला तर कुणी विचारपूस करत नाही. पौष सरत आला की हळद काढायला येते, आणि तिथून होळीपर्यंत अंगणात, ओसरीवर, न्हाणीत, देवळीतल्या गणपतीवर आणि माझ्या पांढऱ्या मिशांवरसुद्धा पिवळी धूळ बसते. कडेगावच्या बाजूला आमची जमीन आहे, निम्म्यात ऊस आणि निम्म्यात हळद. फौजेतून सुभेदार होऊन घरी आलो, त्या पहिल्याच हंगामात एका सकाळी दाढी करायला आरसा घेतला आणि स्वतःलाच बघून दचकलो. बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "आता कुठं तुमी आमच्यातलं दिसाय लागलासा."

अंग खाजवत बसलेल्यालाही आमच्याकडे कुणी काही विचारत नाही. उसाच्या पानांना बारीक कूस असते, ती अंगात घुसते. पाचट काढून आलेला गडी संध्याकाळी अंगणात बसून मान, दंड, पोटऱ्या खाजवत खाजवतच चहा पितो. हळद वाळून पॉलिशच्या पिंपात घातली की जी धूळ उडते ती घामात बसते, आणि मग बायका पदरानं गळा घासत राहतात. खाज आणि पिवळेपणा हे आमच्याकडे पाहुणे म्हणून येत नाहीत, ते घरचेच आहेत. त्यामुळेच माझ्या बायकोला जे झालं ते भर उजेडात, चार माणसांच्या डोळ्यांदेखत, इतके महिने लपून राहिलं. मला त्या गोष्टीचा राग येतो आणि अचंबाही वाटतो. राग कमी होत चाललाय. अचंबा मात्र वाढतोच आहे.

सुरुवात तळहातांपासून झाली. होळी होऊन गेली होती, हळद सांगलीच्या मार्केट यार्डात विकून झाली होती, अंगण धुऊन निघालं होतं. ती ओसरीवर बसून एक तळहात दुसऱ्यावर घासत होती, तंबाखू मळावी तशी.

"काय गं, तंबाखू खायला लागलीस का?" मी विचारलं.

"हातास्नी काय झालंय कुणास ठावं. हळद फोडून फोडून झालं असंल," ती म्हणाली.

मग तळपाय सुरू झाले. न्हाणीतल्या खरबरीत दगडावर ती पाय घासत उभी राहायची आणि मी बाहेरून "आज गंगेला गेलीस का?" म्हणून ओरडायचो. मग पोटऱ्या, मांड्या, दंड, पाठ. दिवसा कामात असली की बरं असायचं, दिवेलागण झाली की चढायचं. सकाळी तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं, पण ती तक्रार करणारी बाई नव्हे. विचारलं की म्हणायची, "हुईल कमी."

आणि अंगावर काहीच नव्हतं. हे सांगताना मी आजही थांबतो. पुरळ नाही, चट्टा नाही, गांधी नाहीत, फोड नाही. जे ओरखडे, खपल्या, काळे डाग होते ते सगळे तिच्याच नखांनी केलेले.

खाजवायला तिनं काय काय वापरलं! कंगव्याची पाठ, दाणे काढलेल्या मक्याचं बुरकुंड, वाळलेलं घोसाळं. माजघराच्या चौकटीला पाठ लावून ती अंग घासायची आणि वर मलाच म्हणायची, "तुमची म्हस आली बगा खुट्ट्याला." चौकटीचं लाकूड तेवढ्या जागी गुळगुळीत झालं. आणि तिची नखं! रानात राबणाऱ्या बाईची नखं ती, आरशासारखी लखलखायला लागली. मुलीनं विचारलं, "आई, नेलपॉलिश लावलीस काय?" आमच्या हळकुंडांना चमक कशी येते ते मला चांगलं ठाऊक आहे. पिंपात ती एकमेकांवर घासतात, साल निघते आणि अंग झळकायला लागतं. नखांचं तेच झालं होतं, कातडीवर घासून घासून. मला ते तेव्हा कळलं नाही, नखं छान दिसतात असंच मला वाटलं.

उपायांना गावात तोटा नसतो. आमसुलाचं पाणी लावून झालं, कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळी झाल्या, खोबरेल तेलात कापूर घालून झाला. पण घरात पोत्यांनी हळद असताना दुसऱ्या औषधाचं काय कौतुक? हळद, कडुलिंब आणि तेलाचा लेप रोज संध्याकाळी अंगभर, आणि सकाळी पेला भरून हळदीचा काढा. काढा मी स्वतः करून द्यायचो, फौजी शिस्तीत, घड्याळ बघून. लेपानं जरा गार वाटायचं म्हणून तिनं तो सोडला नाही. सगळा पावसाळा ती पिवळीधमक होती आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. हळद लावलेली बाई पिवळी नाही दिसणार तर काय हिरवी दिसणार?

तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं तर तिथं ही गर्दी. त्यानं बोटांच्या बेचक्या बघितल्या, ओरखडे बघितले आणि खरूज म्हणून सांगितलं. एक पांढरं औषध दिलं, घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत लावायचं, आणि अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढायचं. हुकूम म्हटल्यावर मी मागे हटणारा नव्हे. घरामागे जुनी काहील पालथी पडली होती. हळद आता वाफेच्या कुकरवर शिजते, पण पूर्वी आम्ही त्या काहिलीत शिजवायचो. ती मी मांडली, खाली पाचटाचा जाळ लावला आणि घरातलं कापड झाडून सगळं आत टाकलं. काहिलीच्या अंगात वर्षानुवर्षांची हळद धरून बसलेली होती, हे काही मला सुचलं नाही. चादरी, बनियन, मुलीचे ड्रेस, माझा ठेवणीतला पांढरा शर्ट, सगळं पिवळं होऊन बाहेर आलं. बायको खाज विसरून पोट धरून हसली. दोरीवरचे ते कपडे बघून रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हाक मारली, "सुबेदार, लगीन कवा हाय?"

लग्न खरंच निघालं, दसऱ्याच्या सुमाराला. मुलीला कराडजवळचं स्थळ आलं, सुपारी फुटली. तिथून पुढं खाज ही आमच्या चार भिंतींतली गोष्ट राहिली नाही.

आमच्या भावकीत लग्नाची हळद विकत आणत नाहीत. आपल्याच रानातली हळकुंडं घेऊन सुवासिनी ती जात्यावर दळतात. जात्यात पहिली मूठ कुणी घालायची आणि नवरीला पहिली हळद कुणी लावायची, याला मान असतो. तो मान बरीच वर्षं माझ्या बायकोचा. हिचा नवरा सरहद्दीवरून धडधाकट परत आला, तेव्हा हिचा हात लागू दे, असं बायका म्हणायच्या. भावकीतल्या कितीतरी मुली तिच्या हातानं पिवळ्या होऊन सासरी गेल्या. स्वतःच्या मुलीला ती हळद लावायची, ही तिची एकच हौस होती. दागिन्यांचं, शालूचं ती कधी बोलली नाही. हळदीचं मात्र मुलगी शाळेत असल्यापासून बोलायची.

सुपारीच्या दिवशी विहीणबाईंनी तिला बघितलं. चहा देऊन ती आत गेली आणि चौकटीला पाठ घासली, एवढंच. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. बाई वाईट नाहीत, बोलणंही गोड. म्हणाल्या, "राग मानू नगा विहीणबाई, पर हळदीला तुमी जरा बाजूला बसा. पोरीच्या अंगाला काय लागलं-बिगलं तर? लोकं बी बोलत्यात."

बायको "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मी चुलीपाशी उभा राहून तोंडाला येईल ते बोललो, विहिणीच्या सात पिढ्या काढल्या. तिनं मला थांबवलं नाही. एरवी ती मला एवढं बोलू देते होय! भाकरी तव्यात टाकून ती आपल्याच हातांकडे बघत राहिली, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. लढाईच्या मुलखात मी माणसांचे चेहरे बघितलेत, पण ते बघणं मला सोसलं नाही.

मग भावकीतल्या बायकाही तिच्या शेजारी बसताना पदर आवरून बसायला लागल्या. तिनं दिलेला चहा "आत्ताच झाला" म्हणून परत यायला लागला. दिवाळी झाल्यावर म्हणाली, "मी जरा औंधला जाऊन येती."

औंध तिचं माहेर. थोरली बहीण तिथंच दिलेली आहे. बहिणीचं म्हणणं सरळ होतं: त्या उसातनं, हळदीतनं ऊठ, हितल्या कोरड्या हवेला येऊन रहा, खाज आपसूक जाईल. बहिणीनं तिचा लेप बंद केला, काढा बंद केला, डोंगरावरच्या यमाईला नवस बोलली. मी महिन्यानं आणायला गेलो तेव्हा बहिणीनं मला ओसरीवरच धरलं.

"पाव्हणं, हितं ऊस न्हाई, हळद न्हाई. आमी समदी तिच्याबरं एका वाकळंत झोपतोय, आमाला कुणाला कायबी न्हाई. मग हिची खाज येती कुठनं? आन् हळद लावायची बंद केली तरी हिचा रंग काय उतरंना. लय मुरलीया बगा हळद हिच्यात."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मला पहिल्यांदा शंका आली. फौजेत एक शिकवतात. गोळी येते त्या झुडपात शत्रू सापडला नाही, तर त्याच झुडपावर दारूगोळा संपवायचा नाही. थांबायचं आणि बघायचं.

ती परसात होती. न्हाऊन, नुसतं लुगडं गुंडाळून, उन्हाला पाठ करून केस वाळवत बसली होती. मला बघून म्हणाली, "आवं, ते ऱ्हाऊ द्या समदं. हितं मधी जरा खाजवा की. माझा हात पोचत न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोची पाठ भर उन्हात बघायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. सुट्टीवर यायचो, जायचो. घरात माणसांचा राबता. मी पदर बाजूला केला. खांद्यांपासून कमरेपर्यंत काळे वळ, खपल्या, ओल्या रेघा. नांगरून टाकलेलं रान. आणि बरोबर मधोमध, वरून मान ओलांडून येणारा हात जिथं संपतो आणि खालून कमरेवरून येणारा हात जिथं थांबतो, तिथं दोन पंख पसरल्यासारखी एक जागा कोरी होती. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. लग्नात होती तशी, मऊ, नितळ. माझा हात तिथं टेकला आणि मी खाजवायचं विसरलो.

मला ते उमगायला थोडा वेळ लागला. रोग कातडीचा असता तर त्यानं ही जागा सोडली नसती. बाईचा हात कुठवर पोचतो हे बघून काही खरूज पसरत नाही. म्हणजे या पाठीवर जे काही होतं ते सगळं तिच्या नखांचं होतं, आणि रोग इथं नव्हताच कधी. तो दुसरीकडे कुठंतरी आत बसून होता.

"काय झालं?" ती म्हणाली.

"इथं तुला काहीच नाही गं. कातडी कोरी आहे."

"कोरी? आवं, तितंच तर लय खाजतंय."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, किंवा नुसता भीतीचा नव्हे. एवढ्या नितळ कातडीखाली एवढा जाळ असू शकतो, आणि वर त्याची खूण म्हणून तीळभर काही उमटत नाही, याचा. देवीच्या डोंगराकडे माझं तोंड होतं, पण मी बघत होतो ती पाठच.

तिथून आम्ही थेट मिरजेला गेलो. कातडीच्या एका डॉक्टरबाई होत्या, तरुण, शांत. मी उभा राहून टेहळणीचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं: तळहातांपासून सुरुवात, मग तळपाय, संध्याकाळी जास्त, पुरळ नाही, घरात दुसऱ्या कुणाला नाही, पाठीवर हात पोचत नाही तिथं कातडी कोरी. बाईंनी मला मधे तोडलं नाही. मग बायकोचे हात हातात घेऊन नखं बघितली, आणि विचारलं ते असं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. लघवी गडद होते का? थकवा येतो का? डोळे, तोंड कोरडं पडतं का? शेवटी म्हणाल्या, "जरा खिडकीशी या."

त्यांनी तिची खालची पापणी ओढली. मी लगेच खुलासा केला, "डॉक्टर, आमच्याकडे सगळेच पिवळे असतात. हळदवाले आम्ही."

"सुभेदारसाहेब, हळद डोळ्यातसुद्धा घालता का?"

हात धुवायच्या बेसिनवर आरसा होता. त्यांनी आम्हा दोघांना त्याच्यासमोर शेजारी शेजारी उभं केलं, फोटोला उभं करतात तसं. माझे डोळे पांढरे होते. तिच्या डोळ्यांतलं पांढरं ताकात हळद पडल्यासारखं होतं. जन्म हळदीत गेला माझा. हळदीच्या रंगाच्या छटा बघून भाव सांगतो मी. आणि हा पिवळा वेगळा आहे, हा बाहेरून लागलेला नाही, आतून आलेला आहे, हे मला त्या आरशात दिसलं. तिनं आरशातूनच माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे तिलाही दिसलं.

पुढं पोटाच्या डॉक्टरकडे रवानगी झाली. रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, एक तपासणी पुण्याला गेली. आणि निदान आलं: लिव्हर. माझी बायको खुर्चीतून उठायच्या बेतात होती.

"लिव्हर? म्या आयुष्यात थेंब घेतला न्हाई डॉक्टर!" मग माझ्याकडे वळून, "कँटीनची रम पिणार तुमी, आन् लिव्हर माझं व्हय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, लिव्हर बिघडायला दारूच लागते असं नाही. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं, ते बारीक बारीक नळ्यांतून खाली उतरतं. शरीरात शत्रूशी लढायला जी फौज असते तीच काही माणसांत चुकते आणि या नळ्यांवर चालून जाते. नळ्या सुजतात, पित्त तुंबतं, आणि ज्या गोष्टी पित्तातून निघून जायच्या त्या रक्तात राहतात. खाज त्यातूनच येते. नेमकी कशानं, हे अजून पुरतं कळलेलं नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. मला ते समजलं. आपल्याच पहारेकऱ्यानं अंधारात आपल्याच माणसांवर गोळी चालवावी, तसं. रोगाचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते माझ्या तोंडात अजून बसलेलं नाही.

मग त्यांनी तिला विचारलं, "खाज किती होते ते सांगा. मिस्टरांकडे बघू नका, मला सांगा. झोप लागते का?"

ती खुर्चीतच वळून माझ्याकडे पाठ करून बसली. मग म्हणाली, "डॉक्टर, कातडी काढून खुटीला अडकवावी असं वाटतं. कवा कवा हिरीकडं बगत उभी ऱ्हाती मी."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. एका घरात, एका चुलीवरचं खात. ती विहिरीपाशी उभी असताना मी तिला "पाणी बघतीस काय?" म्हणून विचारलंही असेल. डॉक्टर तिला म्हणाले की हे सोसायचं नसतं, हे सांगायचं असतं, दर वेळी येऊन सांगायचं. आजार मुळापासून जाणार नाही, पण औषधानं त्याला थोपवून धरता येतं. गोळी कायमची घ्यावी लागेल. खाजेसाठी वेगळी पावडर, ती बाकीच्या गोळ्यांपासून लांबच्या वेळेला. ती लागू पडली नाही तर दुसरं औषध आहे, नाहीतर तिसरं. नखं बारीक ठेवा, पाणी कोमट घ्या, सुती नेसा. आणि माझ्याकडे वळून: "तो काढा बंद. भाजीत हळद चालेल, पेल्यात नको." मी उठून कडक "येस सर" म्हणालो.

पावडर वाळू खाल्ल्यासारखी लागते, असं ती म्हणायची, आणि नाक धरून प्यायची. पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता. मग डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली. हळद काढायला आली, शिजली, वाळत पडली. एक दिवस ती हळकुंडं निवडत होती आणि माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. नखं मळकी होती. चमक गेली होती, कडांना माती धरली होती, कुठल्याही रानातल्या बाईची असतात तशी. मी तिच्यापुढं बसलो आणि तिचे हात हातात घेतले. "आवं, गडी बगत्यात," ती म्हणाली.

आता खरा पेच पडला, विहीणबाईंना खरं सांगायचं की नाही. माझा भाऊ म्हणाला, वहिनी बऱ्या झाल्या ना, मग गप्प बसा. विहिणीला वाटू दे खरूज होती, गेली. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटली येते. आणि आईला जन्माचा रोग म्हटल्यावर मुलीतही असेल म्हणतील, ठरलेलं मोडेल. तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडे याहून फालतू कारणांवरून मांडव उठलेत. मुलगी म्हणाली, "आई, तू म्हणशील तसं." मी रात्रंदिवस हुकूम देणारा माणूस, पण हा हुकूम माझा नव्हता. तिची हौस एका बाजूला आणि मुलीचं लग्न दुसऱ्या बाजूला.

बस्ता बांधायला दोन्ही घरं कराडला जमली. कापडाच्या दुकानात पांढऱ्या गाद्यांवर सगळ्या बायका मांडी घालून बसल्या होत्या, समोर साड्यांचा ढीग. विहीणबाई माझ्या बायकोपासून हातभर अंतर ठेवून. दुकानदार एक हिरवी साडी उलगडत होता, तेवढ्यात माझी बायको बोलली.

"विहीणबाई, मला खरूज नव्हती. माझं लिव्हर आजारी हाय, खाज त्याची हुती. जलमभर गोळ्या हायत. ते कुणाला चिकटत न्हाई आन् दारूचं न्हाई. तुमच्या मनात काय आलं तर आत्ता सांगा, बस्ता बांदायच्या आदी."

साडी दुकानदाराच्या हातात अर्धीच राहिली. मी दाराशी चपलांजवळ उभा होतो. माझी मूठ वळलेली होती. कुणाला मारायला ते मला माहीत नाही.

विहीणबाईंनी मान वळवून तिच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाल्या, "डोळं पिवळं हुतं का?"

"व्हय."

"माज्या आईचं बी हुतं. ती बी अशीच खाजवायची, रगत येस्तोवर. खरूज म्हणून गोठ्याच्या खोलीत ठिवली आमी तिला. ताट लांबनं सरकवायचो. काविळीचं येगळं बगितलं, खाजंचं येगळं बगितलं, दोनी एकच असंल ते कुणाच्या ध्येनातच आलं न्हाई." त्यांनी मांडीवरची साडी बाजूला सारली. "तिला कुणी हात लावला न्हाई हो शेवटाला. म्या बी न्हाई."

त्यांच्या आईला नेमकं काय झालं होतं, हे आता कळायला मार्ग नाही. माझ्या बायकोनं तेही विचारलं नाही. ती गादीवरून सरकून त्यांच्याजवळ गेली आणि विहीणबाईंनी तिचा हात धरला, तळहात वर करून, दोन्ही हातांत. सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुकानदारानं चहा सांगितला. इतके महिने धरलेलं ते हातभर अंतर अखेर चार शब्दांनी मिटलं, हे मी त्या चपलांच्या ढिगाशी उभा राहून बघत होतो.

हळदीच्या दिवशी विहीणबाई स्वतः कराडहून आमच्या अंगणात आल्या. आमच्याच रानातली, त्याच सालची हळद. जात्यात पहिली मूठ माझ्या बायकोनंच घातली होती. मुलगी पाटावर बसली. बायकोनं वाटीत दोन्ही हात बुडवले आणि पायांपासून सुरुवात केली. पाय, गुडघे, हात, खांदे. बायका गाणी म्हणता म्हणता "आवरा की आता" म्हणत होत्या, पण तिला घाई नव्हती. शेवटी तिनं दोन्ही तळहात मुलीच्या गालांवर ठेवले आणि तसेच ठेवून बसली. मी मांडवाच्या मेढीला टेकून त्या हातांकडे बघत होतो. इतके महिने ते हात स्वतःच्या अंगावरून हटले नव्हते. आता ते दुसऱ्या एका कातडीवर शांत पडून होते, आणि माघारी वळायचं नाव घेत नव्हते.

मग एकच गोंधळ उडाला. मुलीनं आईला हळद फासली, विहिणीनं विहिणीला फासली, माझ्या मिशा कुणीतरी पिवळ्या केल्या. त्या गर्दीतून मी बायकोपर्यंत पोचलो आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"काय बगताय? लगीन तुमचं हाय व्हय?" ती म्हणाली.

"डोळे बघतोय."

"मग बगा की नीट." तिनं हळदीचं बोट लागू न देता, मनगटानंच खालची पापणी ओढून धरली, डॉक्टरांनी ओढली होती तशी. पिवळी झाक अजून थोडी होती. पण त्या झाकेभोवती पांढरं परत आलं होतं. अख्ख्या अंगणात पायापासून कपाळापर्यंत पिवळी झालेली माणसं नाचत होती, आणि मी माझ्या बायकोच्या डोळ्यातलं ते पांढरं बघत उभा राहिलो.